सुईदोरा घेऊन तुरुंगात गेलेली बाई

आपल्या मंडळाच्या चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच असा आग्रह धरला तेव्हा मी आधी नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हिशेबाची वही आणि माहेरची पत्रे ह्यांपलीकडे माझ्या हातून फारसे लिखाण झालेले नाही. पण गेले वर्षभर एका बाईचे चरित्र माझ्या मनात घर करून बसले आहे. ते भगिनींना सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही. तेव्हा लिहिण्यात काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

त्या बाईंचे नाव एलिझाबेथ फ्राय. त्या इंग्लंडात होऊन गेल्या. त्यांना जाऊन पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली.

त्यांची ओळख मला झाली ती एका गोधडीमुळे. माझी एक पुतणी ऑस्ट्रेलियात असते. काकूला गोधड्यांचे वेड आहे हे तिला ठाऊक. तिने तिकडच्या कॅनबेरा शहरातील राष्ट्रीय कलासंग्रहालयात ठेवलेल्या एका जुन्या पांघरुणाचे चित्र मला पाठविले. मधोमध फुले आणि पाखरे, भोवताली लहान लहान कापडी तुकड्यांच्या चौकटी, एकीबाहेर दुसरी. मी म्हटले, कोणा राजघराण्यातले दिसते. तर पुतणीने कळविले की हे पांघरूण काळ्या पाण्याच्या शिक्षेवर निघालेल्या बायकांनी जहाजात बसून शिवले आहे, आणि त्यांच्या हातात सुई कशी आली ते वाचायचे असेल तर फ्रायबाईंचे चरित्र वाच. मग काही मी वाचले, काही तिने वाचून सांगितले. ते सारे माझ्या भाषेत येथे मांडते.

एलिझाबेथबाईंचा जन्म २१ मे १७८० रोजी नॉर्विच शहरी गर्नी नावाच्या श्रीमंत घराण्यात झाला. वडिलांचा लोकरीचा व्यापार आणि पेढी होती. घरात भावंडांचे गोकुळ. मात्र एलिझाबेथ १२ वर्षांची असतानाच आई वारली आणि धाकट्या भावंडांचे करण्यात मोठ्या बहिणींबरोबर तिचाही हात लागू लागला. हे घराणे क्वेकर पंथाचे होते. ह्या ख्रिस्ती पंथात भटजी-पुरोहित नसतात. माणसे एकत्र जमून शांत बसतात आणि ज्याला आतून बोलावेसे वाटेल तो उठून बोलतो. बोलण्याचा हा अधिकार बाईलाही असतो. पोशाख साधा, दागदागिने नाहीत. गर्नींच्या घरात मात्र हे नियम ढिलेच होते. १७९८ साली अमेरिकेहून आलेल्या विल्यम सेव्हरी नावाच्या उपदेशकाचे प्रवचन ऐकावयास एलिझाबेथ गेली, ती लाल नाड्यांचे जांभळे बूट घालून! पण त्या दिवशी ऐकलेले तिच्या मनात खोल गेले. हळूहळू तिने नटणे सोडले, आजूबाजूच्या गरीब मुलांना घरी जमवून ती शिकवू लागली आणि पुढे जन्मभर साधी टोपी व साधा झगा हाच तिचा वेष राहिला.

१८०० साली जोसेफ फ्राय ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरचा चहाचा व्यापार आणि पेढी, घर लंडनच्या भर वस्तीत, पाहुण्यांचा सतत राबता. पुढच्या २२ वर्षांत त्यांना अकरा मुले झाली. म्हणजे ही बाई आपल्यासारखीच स्वयंपाकघर, बाळंतपणे, आजारपणे आणि आल्यागेल्याचे करणारी संसारी बाई होती हे ध्यानात ठेवावे.

१८१३ च्या सुरुवातीस स्टीफन ग्रेलेट नावाचे एक क्वेकर गृहस्थ लंडनचा न्यूगेट तुरुंग पाहून त्यांच्याकडे आले. तुरुंगातील बायकांची दशा पाहून ते हादरून गेले होते. त्यांनी ती बाईंना सांगितली. त्या वेळी बाईंना आठ मुले होती. आठवी मुलगी तर तान्हीच होती. बाईंनी लागलीच फलाणीचे कापड आणवून मैत्रिणींकडून बाळांचे कपडे शिवून घेतले आणि अॅना बक्स्टन ह्या तरुण मैत्रिणीला घेऊन त्या न्यूगेटला गेल्या.

तेथे काय होते? दोन मोठ्या खोल्या आणि दोन कोठड्या. त्यांत सुमारे तीनशे बाया आणि त्यांची पोरे. चोरी सिद्ध झालेली, न झालेली, फाशीची शिक्षा झालेली आणि कपड्याचा तुकडा उचललेली पोर, सर्व एकत्र. निजावयास अंथरूण नाही. तेथेच स्वयंपाक, तेथेच धुणे, तेथेच निजणे. पैसा मिळाला की दारू. पहारेकरीसुद्धा आत जाण्यास कचरत. बाईंनी कपडे वाटले, आजारी बायकांना गवताच्या गाद्या देवविल्या. असे दोनतीनदा जाणे झाले आणि मग खंड पडला.

हा खंड जवळजवळ चार वर्षांचा आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. ह्या काळात त्यांना आणखी दोन मुले झाली, पैशाची ओढाताण झाली आणि १८१५ साली त्यांची लहानगी एलिझाबेथ पाच वर्षांचीही न होता वारली. थोरामोठ्यांच्या चरित्रात अशी वर्षे एका ओळीत संपतात. पण आपल्याला ठाऊक आहे की बाईमाणसाच्या आयुष्यात अशाच वर्षांत पुष्कळ संकल्प विरून जातात. बाईंचा संकल्प विरला नाही.

१८१६ च्या अखेरीस त्या पुन्हा न्यूगेटच्या दारी गेल्या. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने त्यांना विनविले की निदान घड्याळ तरी बाहेर ठेवून जा, आतल्या बाया ते ओरबाडून घेतील. बाईंनी घड्याळ काढले नाही. त्या एकट्याच आत गेल्या. बायांनी गराडा घातला. बाईंनी एका पोराला उचलून कडेवर घेतले आणि त्या आयांना विचारले की ह्या लेकरांसाठी आपण मिळून काही करावे का. उपदेश नाही, दटावणी नाही. प्रश्न विचारला, आणि तोही आईने आयांना विचारावा तसा. मुलांसाठी शाळा काढावी असे ठरले. शिक्षिका कोण? ती कैद्यांनीच आपल्यातून निवडली. तिचे नाव मेरी कॉनर. ती शिक्षा भोगीत होती घड्याळ चोरल्याबद्दल.

शाळा सुरू झाली तशा मोठ्या बायाही दाराशी गर्दी करू लागल्या. आम्हालाही शिकवा, आम्हालाही हाताला काही काम द्या, असे त्यांचे म्हणणे. बाईंनी शिवणकाम काढायचे ठरविले. अधिकाऱ्यांनी, आणि घरच्या हितचिंतकांनीसुद्धा, हसून सांगितले की सुया, कात्र्या, कापड सगळे चोरीला जाईल नाही तर फाडून टाकले जाईल.

हे वाचताना, भगिनींनो, मी पुस्तक मिटून बाजूला ठेवले. कारण दोन वर्षांमागे आपल्या मंडळाने पलीकडच्या वस्तीत शिवणवर्ग काढावयाचे ठरविले तेव्हाची सभा मला आठवली. त्या सभेत, वर्ग सुटताना कात्र्या मोजून घ्याव्यात आणि पिशव्या पाहाव्यात असे म्हणणारी मीच होते. माझे म्हणणे मान्य झाले. पहिल्या दिवशी पंधरा बाया आल्या. दुसऱ्या आठवड्यात सहा. महिन्याने वर्ग बंद पडला आणि त्या बायांना शिकावयाचेच नाही असे आम्ही म्हणून टाकले. सर्व कात्र्या मात्र मोजून बरोबर भरल्या.

असो. न्यूगेटकडे वळते.

एप्रिल १८१७ मध्ये बाईंनी बारा स्त्रियांचे एक मंडळ स्थापन केले. त्यातील अकरा क्वेकर होत्या आणि एक पाद्रीबाई. रोज आळीपाळीने कोणी ना कोणी तुरुंगात जावयाचे, देखरेखीस एक पगारी बाई ठेवावयाची आणि कामाचा माल स्वतः मिळवावयाचा, असे त्यांनी वाटून घेतले. मग कैदी बायांना एकत्र बसवून नियम वाचून दाखविले. भीक मागू नये, शिव्या देऊ नयेत, जुगार खेळू नये, कामाच्या वेळी काम करावे, जास्तीत जास्त बारा जणींवर त्यांच्यातलीच एक मुकादमीण असावी, असे ते नियम होते. प्रत्येक नियम वाचून झाला की बाई थांबत आणि ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावा असे सांगत. सारे हात वर झाले. ज्यांना जन्मात कोणी काही विचारले नव्हते अशा बायांचे मत घेऊन तो कारभार सुरू झाला. कैद्यांचे कपडे ऑस्ट्रेलियास पाठविणाऱ्या एका व्यापाऱ्याने आपले ते काम खुशीने ह्या बायांना सोडून दिले. पहिल्या दहा महिन्यांत सुमारे २०,००० कपडे त्यांच्या हातून शिवून निघाले. मोजेही विणले जाऊ लागले. लंडनचे नगराध्यक्ष पाहावयास आले आणि मग तुरुंगाचा हा नवा कारभार त्यांनी मान्य केला.

आता गोधडीचे सांगते. शिवणात बाईंनी ठिगळकामाला, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून पांघरूण करण्याला, फार मोठे स्थान दिले. ह्याचे कारण कोणत्याही गोधडी शिवणाऱ्या बाईला सांगावे लागणार नाही. ह्या कामाला जागा लागत नाही, तुकडा मांडीवर मावतो. कापडवाल्यांकडे चिंध्या फुकट नाही तर कवडीमोलाने मिळतात. हातात घेता येते, मध्येच ठेवता येते, पुन्हा घेता येते. नवशिकीचा टाका वाकडा गेला तरी पुढच्या तुकड्यात तो झाकून जातो. आणि जिच्या डोळ्यांपुढे उद्या काय हे ठाऊक नाही, तिला निदान ह्या तुकड्यापुढचा तुकडा कोणता एवढे तरी ठरविता येते. आपल्याकडे आजीच्या लुगड्याची, आजोबांच्या धोतराची गोधडी होते. तेथे अनोळखी माणसांच्या चिंध्या होत्या. पण हाताची चाल तीच.

१८१८ साली इंग्लंडच्या पार्लमेंटच्या समितीने तुरुंगांविषयी बाईंची साक्ष घेतली. अशा समितीपुढे साक्ष देणे हा मोठा मान होता. पण त्याच वर्षी त्यांना मोठा पराभवही सोसावा लागला. हॅरिएट स्केल्टन नावाच्या एका बाईला खोट्या नोटा खपविल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. हे तिने नवऱ्याच्या सांगण्यावरून केले होते. बाईंनी बँकेकडे आणि गृहमंत्र्यांकडे तिच्यासाठी खूप धडपड केली. उपयोग झाला नाही. हॅरिएटला फाशी दिले गेले, आणि गृहमंत्री लॉर्ड सिडमथ ह्यांची बाईंवर इतराजी झाली ती वेगळीच. सुईदोऱ्याने सर्व काही साधत नाही, हे त्यांना तेव्हा कळून चुकले असावे. तरी त्या घरी बसल्या नाहीत.

त्या काळी इंग्लंडातील कैद्यांना ऑस्ट्रेलियास काळ्या पाण्यावर धाडीत. जहाज सुटण्याच्या आदल्या रात्री तुरुंगातील बाया बेभान होऊन खिडक्या, बाके, जे हाती येईल ते फोडीत. मग त्यांना बेड्या घालून उघड्या गाड्यांतून बंदरावर नेत आणि रस्त्यावरचे लोक त्यांच्यावर चिखल व शिव्या फेकीत. १८१८ साली 'मारिया' नावाचे जहाज निघावयाचे होते. बाईंनी अधिकाऱ्यांना गळ घालून झाकलेल्या घोडागाड्या ठरविल्या आणि आपली स्वतःची गाडी त्यांच्या पाठोपाठ घेऊन मी येते असा शब्द त्या बायांना दिला. त्या रात्री एकही काच फुटली नाही. जहाजात १२८ बाया होत्या. त्यांच्या बारा-बारांच्या तुकड्या पाडून, त्यांच्या पोरांसाठी जहाजातच शाळेचा कोपरा करून, बाई आणि त्यांच्या मैत्रिणी जहाज सुटेपर्यंत येत-जात राहिल्या.

पण जहाज सुटल्यावर काय? तीन-चार महिने समुद्र, हाताला काम नाही, भोवती खलाशी. म्हणून प्रत्येक बाईबरोबर एक पिशवी देण्याची पद्धत पडली. त्या पिशवीत काय असे ते वाचून मला फार कौतुक वाटले. शंभर सुया, टाचण्या, पांढऱ्या व रंगीत दोऱ्याचे गुंडे आणि लड्या, अंगुस्तान, कात्री, दोन पौंड, म्हणजे शेराच्या आसपास, ठिगळकामाचे तुकडे, बायबल, आणि जिला कमी दिसत असेल तिला चष्मा! चष्म्याची आठवण शिवणाऱ्या बाईलाच होते. वाटेत रिओ दी जानेरो बंदरात अशी काही पांघरुणे एकेका गिनीला विकली गेली. म्हणजे परक्या मुलुखात पाय ठेवताना त्या बायांच्या गाठीला स्वकष्टाचे चार पैसे तरी असत, आणि काम मागताना दाखवावयास एक हुन्नर असे. पंचवीस वर्षांत शंभरांहून अधिक जहाजे आणि सुमारे १२,००० बाया अशा रवाना झाल्या.

त्यांतलेच एक जहाज 'राजा' नावाचे. नाव वाचून मला वाटले हे आपल्याकडचेच. ५ एप्रिल १८४१ रोजी ते लंडनजवळच्या वुलिच बंदरातून १८० कैदी बाया घेऊन टास्मानियास निघाले. तेव्हा त्या बेटाला व्हॅन डीमेनची भूमी म्हणत. ह्या जहाजावर बाईंच्या मंडळाने केझिया हेटर नावाच्या २३ वर्षांच्या मुलीला बरोबर धाडले होते. ती आधी मिलबँक तुरुंगात काम करीत असे. घरदार सोडून, एकटीने, अर्ध्या जगापलीकडे, १८० कैदी बायांची सोबतीण म्हणून जावयाचे! आज आपल्या मुली विमानाने परदेशी जातात तेव्हाही आपला जीव वरखाली होतो. तिच्या देखरेखीखाली त्या बायांनी आपल्या पिशव्यांतील तुकडे एकत्र करून एकच मोठे पांघरूण शिवले असे मानतात.

पुतणीने ज्याचे चित्र पाठविले ते हेच. लांबीरुंदी सव्वातीन मीटरच्या वर. तुकडे २,८१५. मधली पाखरे व फुले छापील छिटातून कापून पांढऱ्या कापडावर शिवून बसविलेली आहेत. हे छीट मूळचे आपल्याच देशाचे. इंग्रजांनी कापड उचलले आणि शब्दही. पांघरुणाला आत थर नाहीत, पाठीला अस्तर नाही, त्यामुळे आपल्या अर्थाने ती गोधडी नव्हे. काही टाके अगदी बारीक व सरळ आहेत, काही ओबडधोबड आहेत. कसलेल्या हातांशेजारी नवशिके हात बसले होते हे दिसते. खालच्या बाजूस रेशमी दोऱ्याने मजकूर भरला आहे. त्याचा आशय असा की, कैद्यांच्या जहाजांसाठी झटणाऱ्या भगिनींना हे पांघरूण कृतज्ञतेपोटी अर्पण केले आहे, आणि उद्योगी राहावे हा त्यांचा प्रेमाचा उपदेश आम्ही वाया घालविला नाही ह्याचा हा पुरावा आहे. खाली जून १८४१ अशी तारीख आहे. म्हणजे भर समुद्रातच ते पुरे होत आले होते. १९ जुलै १८४१ ला जहाज होबार्टला पोचले आणि तेथील गव्हर्नरांच्या पत्नी लेडी जेन फ्रँकलिन ह्यांच्या हाती ते देण्यात आले. पुढे ते इंग्रजांच्या देशी परत गेले आणि लोकांच्या विस्मृतीत पडले. १९८७ साली एडिंबरा येथे ते सापडले आणि १९८९ साली पुन्हा ऑस्ट्रेलियास आले. केझियाचे पुढे त्याच जहाजाच्या कप्तानाशी, चार्ल्स फर्ग्युसन ह्यांच्याशी, लग्न झाले, हेही भगिनींना आवडेल म्हणून सांगून ठेवते.

बाईंच्या घरची बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर चरित्र अर्धे राहील. त्यांना नावे ठेवणारे पुष्कळ होते. पोटची पोरे दाईच्या हाती देऊन ही बाई चोरट्या बायांच्या पोरांना शिकवीत बसते असे लोक बोलत. त्यांच्या स्वतःच्या रोजनिशीतही घराकडे आपले दुर्लक्ष तर होत नाही ना, ही टोचणी जागोजागी आहे. १८२८ साली यजमानांच्या पेढीचे दिवाळे निघाले. प्लॅशेटचे मोठे घर सोडून अप्टन येथे लहान घरात यावे लागले. दिवाळे म्हणजे विश्वासघात असे मानणाऱ्या क्वेकर समाजाने यजमानांना आपल्यातून काढून टाकले. समाजसेवेत पेढीचा पैसा उधळला असाही बोभाटा झाला. अशा वेळी मान खाली घालून घरात बसणे सोपे होते. भावांनी आधार दिला आणि बाई थोड्याच दिवसांत पुन्हा कामाला लागल्या. ह्या बाबतीत त्या पूर्णपणे बरोबर होत्या असे मला म्हणता येत नाही. अकरा मुलांच्या आईचा वेळ कोठे ना कोठे कमी पडणारच, आणि तो घरी कमी पडला हे त्यांनी स्वतःच लपविलेले नाही.

१८२१ सालीच त्यांच्या बारा जणींच्या मंडळातून साऱ्या इंग्लंडसाठी स्त्रियांची एक संस्था उभी राहिली होती. १८२३ च्या कायद्याने स्त्रीकैद्यांवर स्त्रियाच पहारेकरी असाव्यात असे ठरले. वयाच्या साठीच्या आसपास, प्रकृती साथ देत नसता, बाईंनी परदेशचे दौरे काढले. १८३८ पासून १८४३ पर्यंत फ्रान्स, स्वित्झर्लंड, हॉलंड, बेल्जियम, जर्मन राज्ये, डेन्मार्क इतक्या ठिकाणी त्या गेल्या. भाषा येत नसे तेथे दुभाषा घेत. प्रत्येक गावी तुरुंग पाहावयाचा, तेथील बायांशी बोलावयाचे, आणि मग गावातील चार कळकळीच्या स्त्रिया जमवून आपण न्यूगेटमध्ये काय केले, कसे केले, कोठे फसलो हे सांगावयाचे. राजेराण्यांनी त्यांना भेटीस बोलाविले. प्रशियाचा राजा तर १८४२ साली लंडनला आला असता त्यांच्याबरोबर न्यूगेटला गेला आणि अप्टनच्या त्यांच्या घरी जेवला. परंतु मला वाटते, त्या मागे ठेवून आल्या ती चार-चार, दहा-दहा बायांची मंडळे, हेच त्या प्रवासाचे खरे फळ.

१२ ऑक्टोबर १८४५ रोजी रॅम्सगेट येथे, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. बार्किंग येथील दफनाला हजाराहून अधिक माणसे मूकपणे उभी होती. न्यूगेटचा तुरुंगही १९०४ साली पाडला गेला. आणि २००२ साली इंग्लंडच्या बँकेने पाच पौंडांच्या नोटेवर एलिझाबेथबाईंचे चित्र छापले. त्या बायांना काही वाचून दाखवीत आहेत असे. ती नोट २०१७ पर्यंत चालली. नोटांपायी फाशी गेलेल्या हॅरिएटसाठी ज्या बाईने बँकेचे दार ठोठावले, त्याच बाईचे चित्र नोटेवर आले. हे वाचून मला हसूही आले आणि डोळ्यांत पाणीही आले.

आता माझे शेवटचे. हे चरित्र वाचून झाल्यावर मी वस्तीत गेले. त्या पंधरा बायांपैकी ज्या माझ्या ओळखीच्या होत्या त्यांच्या ओट्यावर बसले. वर्ग का सोडला हे विचारायचे धाडस झाले नाही. त्यांनीच सांगितले, की ताई, रोज पिशवी उघडून दाखवायची लाज वाटायची. मी त्यांची क्षमा मागितली. मग मी काय करावे, वर्ग कोठे व केव्हा घ्यावा, हे त्यांनाच ठरवू दिले. त्यांनी मंडळाची खोली नको म्हटले, देवळामागची पडवी सांगितली आणि गुरुवारची दुपार सांगितली. गेल्या श्रावणापासून दर गुरुवारी आम्ही तेथे बसतो. आठ-नऊ जणी येतात. जुन्या साड्यांच्या तीन गोधड्या पुऱ्या झाल्या आहेत, चौथी धावदोऱ्यावर आहे. कात्र्या मी एका डब्यात ठेवते आणि डबा तेथेच एकीच्या घरी राहतो. त्यात कात्र्या किती आहेत ते मी आजपर्यंत मोजलेले नाही.

मंडळाच्या पुढील वर्षाच्या कार्यक्रमात ह्या वर्गाचे नाव घालावे अशी माझी विनंती आहे. ज्या भगिनींच्या घरी जुनी लुगडी, साड्या, धोतरे असतील त्यांनी ती द्यावीत. आणि गुरुवारी दुपारी ज्यांना सवड असेल त्यांनी स्वतः यावे. शिकवावयास नव्हे, शेजारी बसून शिवावयास. एवढे सांगून माझे हे वेडेवाकडे टाके येथेच आवरते घेते.